कोल्हापुरात सेडान सांभाळताना : ऑइल, ब्रेक, बॅटरी आणि पुराचं पाणी

गाडीचं मॅन्युअल उघडलं की बहुतेक कामांपुढे ‘१०,००० किमी किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते’ असं दिसतं. त्याच मॅन्युअलात पुढे खडतर वापराचा आणखी एक तक्ता असतो, तो सहसा कोणी वाचत नाही. छोट्या फेऱ्या, धूळ, घाट, दमट हवा, चिखल असं सगळं त्यात मोडतं. राजारामपुरीतून शाहूपुरी, शाहूपुरीतून बिंदू चौक अशी दोन-दोन किलोमीटरची फिरती, सुट्टीला गगनबावडा नाहीतर आंबा घाट, चार महिने पाऊस आणि दिवाळीपासून ऊस वाहतुकीची धूळ. कोल्हापूरची गाडी याच दुसऱ्या तक्त्यात बसते. म्हणून इथे मीटरपेक्षा कॅलेंडर बघून कामं काढावीत. देखभालीची एक फेरी मे महिन्यात, दुसरी दसरा-दिवाळीच्या दरम्यान.

पुढची माहिती डिझायर, अमेझ, सिटी, ऑरा, व्हर्ना अशा रोजच्या वापरातल्या पेट्रोल सेडान डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे. मॅन्युअलमधला आकडा वेगळा असेल तर मॅन्युअलचाच धरा.

हत्यारं

गाडीबरोबर आलेला कात्री जॅक फक्त चाक बदलण्यासाठी असतो. त्याच्यावर गाडी उचलून खाली डोकं घालायचं नाही, एका मिनिटासाठीही नाही. घरी काम करायचं असेल तर २ टनी ट्रॉली जॅक, दोन जॅक स्टँड, ८ ते २१ मिमीचा गोटी पान्यांचा सेट, टॉर्क पाना, मल्टिमीटर, टायर प्रेशर गेज आणि ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा) एवढं पुरतं. टॉर्क पाना अनेकांना चैन वाटते, पण पहिल्यांदा चेंबरचा (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीचा) आटा, म्हणजे पेच, गेला की त्याची किंमत वसूल होते. जॅक लावायचा तो दाराखालच्या पट्टीवर खाचा असतात तिथे, फ्लोअरच्या पत्र्याला नाही.

ऑइल बदलणं

दोन किलोमीटरच्या फेरीत इंजिन नीट तापतच नाही. ऑइलमध्ये पाण्याची वाफ आणि थोडं पेट्रोल उतरतं आणि ते उडून जायला वेळ मिळत नाही. पावसाळ्यात ऑइल भरायच्या झाकणाच्या आत पिवळसर साय दिसते ती याचीच. त्याबरोबर कुलंटही कमी होत असेल तर मात्र हेड गॅस्केटचा संशय घ्या. नुसती साय असेल तर आठवड्यातून एकदा हायवेने कागलपर्यंत गाडी नेऊन आणा आणि ऑइल ७-८ हजार किलोमीटरला बदला. गाडी फिरली नाही तरी वर्ष झालं की बदलायचंच.

ऑइलचा ग्रेड, म्हणजे जाडी, मॅन्युअलमध्ये असेल तोच घ्यायचा. नव्या पेट्रोल इंजिनांना बहुधा ०डब्ल्यू-२०, आधीच्या बऱ्याच गाड्यांना ५डब्ल्यू-३०. ‘इकडं गरम होतंय, जाड टाका’ हा सल्ला ऐकू नका. बारीक ऑइल-वाटांसाठी बनवलेल्या इंजिनात जाड ऑइल सकाळी वर पोचायला वेळ लावतं आणि अ‍ॅव्हरेजही पाडतं. बीएस-६ डिझेल सेडान असेल तर धुराच्या फिल्टरला चालणारं कमी राखेचं ऑइलच लागतं. साधं डिझेल ऑइल त्या फिल्टरची वाट लावतं.

गाडी पाच मिनिटं चालू ठेवून बंद करा. ऑइल कोमट झालं की चांगलं वाहतं, उकळतं गरम नको. सपाट जागी हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, पुढून उचलून दोन्ही बाजूंना स्टँड द्या आणि खाली जाण्याआधी गाडी हलवून बघा. वरचं झाकण उघडा. खाली ५ लिटरचं घमेलं ठेवून ड्रेन नट सोडा, तो बहुधा १४ किंवा १७ चा असतो. शेवटचे दोन आटे हाताने सोडताना नट वर दाबून धरला तर ऑइल कोपरापर्यंत येत नाही. धार तुटून थेंब पडेपर्यंत दहा मिनिटं थांबा. ड्रेन नटला नवीन वॉशर टाका. जुना चपटा झालेला वॉशर गळतो, आणि गळती थांबवायला नट जास्त आवळला जातो. अॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात ते इथेच. या नटला साधारण ३० ते ४० न्यूटन-मीटर पुरतात. आटा गेलाच तर चेंबर बदलायची घाई नको. शिवाजी उद्यमनगरात लेथ आणि आट्यांचं काम करणारे पुष्कळ आहेत, नवीन आटा घालून तेच चेंबर चालतं.

फिल्टर सोडल्यावर त्याची रबरी रिंग फिल्टरबरोबरच निघाली का, हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. कधी कधी ती इंजिनला चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर बसला की दोन रिंग एकमेकींवर येतात, आणि इंजिन चालू होऊन दाब आला की ऑइल भसाभस बाहेर पडतं. नव्या फिल्टरच्या रिंगला बोटाने नवं ऑइल लावा, हाताने फिरवा आणि रिंग टेकल्यावर आणखी पाऊण फेरा द्या. पाना लावायचा तो काढताना, बसवताना नाही.

१.२ लिटर इंजिनला साधारण ३ ते साडेतीन लिटर, १.५ ला साडेतीन ते ४ लिटर ऑइल लागतं. सांगितलेल्यापेक्षा अर्धा लिटर कमी भरा, इंजिन एक मिनिट चालवा, खाली गळती बघा. मग गाडी स्टँडवरून खाली घ्या, बंद करून पाच मिनिटं थांबा आणि ऑइलची काडी (डिपस्टिक) बघत बघत उरलेलं भरा. दोन खुणांच्या मध्ये किंवा वरच्या खुणेच्या किंचित खाली ठीक. वरच्या खुणेच्या पुढे गेलं तर क्रँक ते घुसळून फेस करतो आणि फेसाळ ऑइल वंगण देत नाही.

जुनं ऑइल गटारात ओतू नका. कोल्हापुरातली बरीच गटारं जयंती नाल्याला आणि तिथून पंचगंगेला मिळतात. डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या, जुनं ऑइल विकत नेणारे त्याच्याकडे येतातच.

ब्रेक, म्हणजे घाट

सपाटीवर खराब ब्रेक महिनोन्महिने लक्षात येत नाहीत. चार माणसं आणि डिकीभर सामान घेऊन करूळ किंवा आंबोली घाट उतरताना अर्ध्या वाटेवर ते कळतं. पेडल मऊ पडतं, मग तळाला जातं. बहुतेक वेळा दोष पॅडचा नसतो, ब्रेक ऑइलचा असतो. हे ऑइल हवेतली आर्द्रता शोषतं. नवं ‘डॉट ३’ प्रकारचं ऑइल किमान २०५ अंशांना आणि ‘डॉट ४’ किमान २३० अंशांना उकळतं. पाणी मुरल्यावर डॉट ३ साठीची किमान मर्यादा १४० आणि डॉट ४ ची १५५ अंश एवढी खाली येते. घाटात डिस्क तापते, कॅलिपरमधलं (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातलं) ऑइल उकळून वाफ होते, आणि वाफ दाबली जात असल्याने पेडल खाली जातं. म्हणून पॅड कितीही नवे असले तरी ब्रेक ऑइल दर २ वर्षांनी बदला. पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या सर्व्हिसिंगला बदललेलं बरं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते या गाड्यांत चालत नाही. सांडलेलं ब्रेक ऑइल रंग खातं, लगेच पाण्याने धुवा.

उतारावर गाडी चालवायची पद्धत हा देखभालीचाच भाग आहे. जो चढ दुसऱ्या गिअरमध्ये चढावा लागतो, तो दुसऱ्याच गिअरमध्ये उतरायचा. न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचत नाही. गिअरमध्ये पाय काढून उतरताना इंजेक्शनची गाडी पेट्रोल बंदच करते, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतं. इंजिन बंद करून उतरणं हा तर वेडेपणा, दोन-तीन वेळा ब्रेक दाबल्यावर ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. करपल्याचा वास आला तर जागा बघून बाजूला घ्या, गिअरमध्ये उभी करा, चाकाला दगड लावा आणि वीस मिनिटं थांबा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होते आणि मग ब्रेक लावला की स्टेअरिंग थरथरतं.

पॅडचं मटेरियल ३ मिमीवर आलं की बदला. चाकाच्या फटीतून बाहेरचा पॅड दिसतो, आतला दिसत नाही, आणि आधी झिजतो तो बहुधा आतलाच. कारण कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या चिखलपाण्याने जाम होतात. त्यामुळे मे महिन्यात चाकं काढून दोन्ही पॅड बघायचेच.

काम असं होतं. गाडी जमिनीवर असतानाच चाकाचे नट अर्धा फेरा सैल करा, मग उचला आणि स्टँड द्या. चाक काढल्यावर कॅलिपरचा खालचा बोल्ट, १२ किंवा १४ चा, काढून कॅलिपर वर फिरवा. पूर्ण काढलाच तर तारेने स्प्रिंगला बांधा, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत ठेवला तर पाइप आतून फाटतो. पिस्टन आत दाबण्यापूर्वी बॉनेटखालची ब्रेक ऑइलची टाकी बघा. काठोकाठ भरलेली असेल तर सिरिंजने थोडं काढा, नाहीतर ओसंडून वाहील. जुना पॅड मध्ये ठेवून सी-क्लॅम्पने पिस्टन सावकाश दाबा. दोन्ही पिना काढून पुसा, आणि त्यांना ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. रबरी टोपी फाटली असेल तर आत्ताच बदला. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, तेवढी उरत असेल तरच लेथवर घासून घ्या.

पॅड एका चाकाचे बदलायचे नाहीत, पुढच्या दोन्ही चाकांचे एकदम. सगळं जोडल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा. हे विसरलं तर पहिला ब्रेक लागतच नाही, आणि पार्किंगमधली भिंत जवळ असते. चाकाचे नट ताऱ्याच्या क्रमाने, बहुतेक सेडानना ८५ ते ११० न्यूटन-मीटर, आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा. मोकळ्या रस्त्यावर ५० वरून १० पर्यंत आठ-दहा वेळा हलका ब्रेक लावा, दोन ब्रेकमध्ये थोडं अंतर ठेवा. नवे पॅड त्याने बसतात. लगेच जोतिबाचा उतार धरू नका.

पावसाळ्यातली एक नेहमीची तक्रार म्हणजे चार दिवस उभी गाडी पहिल्यांदा हलतच नाही, मागून ‘खट्’ आवाज येतो आणि मग सुटते. ओल्या ड्रमला हँडब्रेकचे लायनर गंजाने चिकटतात. गाडी जास्त दिवस उभी करायची असेल तर हँडब्रेक सोडून पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला लाकूड लावा. सकाळी डिस्कवर दिसणारा तांबूस गंज मात्र पहिल्या दोन-चार ब्रेकना जातो, त्याची काळजी नको.

बॅटरी आणि सेल्फ

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मल्टिमीटरने बघा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली तर बॅटरी थकली आहे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असावं, नसेल तर अल्टरनेटर किंवा पट्टा बघा. बॅटरी साधारण ३-४ वर्षं जाते, आणि बॅटरी बदलूनही पुन्हा उतरत असेल तर कुठेतरी करंट गळतोय. गाडी लॉक करून अर्धा तास थांबल्यावर, बॅटरी आणि तिची निगेटिव्ह केबल यांच्या मध्ये जोडलेल्या मल्टिमीटरवर ५० मिलिअँपियरपेक्षा जास्त दिसलं तर एकेक फ्यूज काढून दोषी शोधा. बऱ्याचदा तो बाहेरून जोडलेला कॅमेरा किंवा म्युझिक सिस्टिमच असतो.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड साठली असेल तर खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने धुवा, कोरडं करा, वर व्हॅसलीन लावा. काढताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. दुसऱ्या गाडीवरून जंप देताना लाल केबल आधी बंद बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी आधी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीला नाही. शेवटची ठिणगी बॅटरीपासून लांब पडलेली बरी.

कुलंट, एसी आणि उसाचा पाला

कुलंटमध्ये बोअरचं पाणी घालू नका, क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. मॅन्युअलमधला कुलंट घ्या, घट्ट स्वरूपात मिळाला तर डिस्टिल्ड वॉटरबरोबर निम्मा-निम्मा. रंग सारखा म्हणून दोन कंपन्यांचे मिसळू नका. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, पातळी बाजूच्या बाटलीवरूनच बघायची.

गळीत हंगामात ट्रॉल्यांच्या मागे राहून गाडीच्या नाकात पाला आणि धूळ शिरते. एसीचा कंडेन्सर बंद पडल्यासारखा होतो, एसी थंड करत नाही आणि गॅस भरायचा खर्च अंगावर येतो. मार्चमध्ये पुढच्या जाळीतून साध्या नळाच्या धारेने तो धुवा. प्रेशर वॉशरने कंडेन्सरच्या बारीक पात्या दुमडतात. एअर फिल्टर आणि केबिन फिल्टर त्याच वेळी काढून झटका, काळे पडले असतील तर बदला. केबिन फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, पाच मिनिटांचं काम. डाव्या सीटच्या पायाशी पाणी साठत असेल तर एसीचा ड्रेन पाइप चोंदला आहे. गाडीखालून बारीक नळी घालून मोकळा करा.

घाटात तापमानाची सुई वर जायला लागली तर एसी बंद, हीटर फुल, काचा उघड्या. घाम येईल, पण इंजिन वाचेल.

खालचे आवाज

छोट्या खड्ड्यांत हलकी ‘टकटक’ आली तर आधी सस्पेन्शनमधला लिंक रॉड बघा, सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आधी जाणारा पार्ट तोच. ब्रेक लावताना एकदाच ‘धप्’ होत असेल तर लोअर आर्मचा बुश. स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी फिरवताना ‘कटकट’ येत असेल तर अ‍ॅक्सलचा बाहेरचा जॉइंट. या जॉइंटला मारतो तो फाटलेला रबरी बूट. आत चिखल गेला की ग्रीस वाळूसारखं होतं. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे फराटे दिसले की त्याच आठवड्यात नुसता बूट आणि ग्रीस बदला. आवाज सुरू झाल्यावर बूट बदलून उपयोग नाही, पूर्ण शाफ्टच बदलावा लागतो.

टायरच्या खाचा १.६ मिमीला कायद्याने संपतात, पण पावसाळ्यात ३ मिमीच्या खाली असतील तर हायवेवरच्या साचलेल्या पाण्यात गाडी तरंगते. हवा सकाळी गार टायरमध्ये बघा, दाराच्या खांबावरच्या स्टिकरइतकी. स्टेपनीचीही.

पुराचं पाणी

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. सुतारवाडा, शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क, जयंती नाल्याचा काठ अशा भागांत गाडी असेल तर ३९ फुटांची बातमी आली की ती उंचावर हलवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ हायवेच बंद पडला होता, म्हणजे ‘उद्या बघू’ म्हणायला उद्या रस्ता नसतो.

रस्त्यावरच्या पाण्यातून जायचंच असेल तर निम्म्या चाकापेक्षा जास्त पाण्यात सेडान घालू नका. हवा घ्यायचं तोंड बऱ्याच सेडानमध्ये पुढच्या जाळीच्या आसपासच असतं. एसी बंद, पहिला गिअर, एकसारखा वेग, मध्ये गिअर बदलायचा नाही, समोरच्या ट्रकची लाट येऊ द्यायची नाही. पलीकडे गेल्यावर हळू चालवत दोन-तीन वेळा ब्रेक दाबून कोरडे करा.

पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये कपभर जरी शिरलं असेल तरी पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडलेली गाडी ढकलून काढली तर निभावतं, सेल्फ मारल्यावर इंजिन खोलावं लागतं. विम्यातही हाच मुद्दा येतो. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत पाण्यात सेल्फ मारून झालेलं इंजिनचं नुकसान सहसा नाकारतात, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनची वेगळी जोड लागते. ती मे महिन्याच्या आधी घेतलेली असावी.

गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढा, पाण्याची खूण कुठपर्यंत आहे याचे फोटो काढा, आणि विमा कंपनीला कळवल्याशिवाय काही खोलू नका. नंतर एअर फिल्टर बघा, तो ओला असेल तर पाणी आत गेलंय असं धरा. ऑइलची काडी दुधाळ दिसली तर ऑइल-फिल्टर बदलायचे. पेट्रोल गाडीत प्लग काढून, इंजेक्टरची जोडणी सोडून, मिस्त्रीच्या देखरेखीखाली इंजिन फिरवतात आणि सिलिंडरमधलं पाणी प्लगच्या भोकांतून बाहेर उडतं. डिझेल किंवा ऑटोमॅटिक असेल तर घरी हात लावू नका, थेट टो करा. सीटखालचा फोम आणि कार्पेट उन्हात पूर्ण वाळवल्याशिवाय परत घालायचे नाहीत, त्यांच्याखालीच वायरिंगचे जोड असतात.

चेक इंजिनचा दिवा

दिवा स्थिर असेल तर स्कॅनर लावून कोड लिहून ठेवा, मगच मिटवा. पी ०३०१ ते पी ०३०४ म्हणजे त्या क्रमांकाचा सिलिंडर मिसफायर करतोय, त्यातलं पेट्रोल नीट पेटत नाही. त्या सिलिंडरची कॉइल (प्लगला ठिणगी देणारी) शेजारच्या सिलिंडरवर बसवा. कोडही तिकडे गेला तर कॉइल खराब, तिथेच राहिला तर प्लग बघा. साधे प्लग ३०-४० हजार किलोमीटर जातात, इरिडियमचे लाखाच्या आसपास. दिवा लुकलुकत असेल तर गाडी रेटू नका, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो वितळवतं आणि तो प्लगच्या कितीतरी पट महाग असतो.

शेताकडेला गाडी उभी करणाऱ्यांनी कोड बघण्याआधी बॉनेट उघडून वायरी बघाव्यात. ऊसतोड झाली की शेतातले उंदीर आसरा शोधतात, आणि गरम इंजिन त्यांना आवडतं. इंजेक्टर किंवा सेन्सरची कुरतडलेली वायर स्कॅनरवर वेगवेगळ्या पार्टचं नाव सांगत राहते. पार्ट मागवण्याआधी वायरीच्या संपूर्ण लांबीवरून बोट फिरवा, कुरतडलेली जागा बहुधा बॅटरीच्या ट्रेखाली सापडते.